गुरुवारची फाईल

प्रिय छकुली,

पालखीचा आकुर्डीचा मुक्काम होऊन गेला, वारकरी पुढं निघून गेले आणि आता इथं भोसरीत दिवसरात्र पाऊस आहे. परवा तुझा फोन आला तेव्हा मी शॉपमध्ये होतो. प्रेसच्या आवाजात तुझं अर्धं बोलणं कळलं नाही, पण शेवटचं नीट ऐकू आलं. तू म्हणालीस, "मामा, मी चांगली खेळले तर कुठल्यातरी कॉलेजचे सर बघतीलच ना?"

मी "हो गं" म्हणून फोन ठेवला आणि तेव्हापासून ते "हो" मला टोचतंय. ते खरं नव्हतं. म्हणून लिहायला बसलोय. तुझ्या टीममधल्या मुलींच्या घरीही हे पत्र वाचलं गेलं तर मला बरंच वाटेल. जे तुला सांगायचंय, तेच त्यांच्या आईवडलांनाही सांगायचंय.

बघणार नाहीत, बाळा. बहुतेक वेळा कुणीही बघायला येत नाही. तुमच्या मॅचेस भर पावसात, कामाच्या दिवशी, सकाळी दहाला. त्या वेळी मैदानाच्या कडेला कोण असतं ते तूच आठव. दोन्ही शाळांचे खेळाचे सर, रेफ्री, पुढच्या मॅचची टीम, आणि कुणाची तरी आई धाकट्या पोराला कडेवर घेऊन. कॉलेजच्या जिमखान्याचे सर त्या वेळी त्यांच्या कॉलेजात असतात. आपल्याकडे कॉलेजची टीम निवडली जाते तीच मुळी प्रवेश झाल्यावर. आधी मार्कांवर प्रवेश, मग जिमखान्याच्या फळ्यावर नोटीस, मग चाचणी. म्हणजे ज्या कॉलेजात तू नाहीस, त्या कॉलेजच्या सरांना तू या जगात आहेस हे कळायचा रस्ताच नाही. तो आपण करायचा.

अमेरिकेत हे सगळं उलट चालतं. न्यू जर्सीला माझी मावसबहीण आहे, तिच्या मुलीचं पाहिलंय मी. तिथं कॉलेजचे कोच शाळेतल्या मुली शोधत फिरतात. त्यालाही नियम आहेत. खेळासाठी तिथल्या कॉलेजांच्या तीन डिव्हिजन असतात: वरच्या डिव्हिजनच्या कोचला मुलीच्या दहावीनंतरच्या 15 जूनपर्यंत तिच्याशी थेट बोलता येत नाही. मुलगी मात्र त्याआधीही कोचना ईमेल पाठवू शकते, खेळाचा व्हिडिओ पाठवू शकते, आणि पाठवतेच. पहिल्या दोन डिव्हिजनची कॉलेजं खेळावर शिष्यवृत्ती देऊ शकतात, तिसरी देत नाही. त्या पोरीने दोन वर्षं दर आठवड्याला पत्रं लिहिली. इतके कोच शोधत फिरणाऱ्या देशातही शेवटी पोरीलाच दार ठोठवावं लागलं. मग आपण इथं वाट बघत बसायचं का?

आता माझी एक गोष्ट सांगतो, जी तुझ्या आईलाही पूर्ण ठाऊक नाही.

1996 साली मी दहावी झालो. आमची शाळा त्या वर्षी विभागीय स्पर्धेपर्यंत गेली होती आणि मी राइट हाफ खेळायचो. पुण्यातल्या एका कॉलेजात खेळाच्या जागेवर अकरावीला घेतो म्हणाले, फक्त प्रमाणपत्र आणा. प्रमाणपत्र शाळेच्या कपाटात होतं. हातात पडलं तेव्हा त्यावर माझ्या नावाऐवजी माझ्या चुलतभावाचं नाव होतं आणि खाली शिक्का नव्हता. क्लार्क म्हणाले सोमवारी या. सोमवारी साहेब रजेवर. पुढच्या सोमवारी दुरुस्तीसाठी कागद पुढच्या ऑफिसला गेला. तो परत आला तेव्हा कॉलेजच्या जागा भरल्या होत्या. आबा शिफ्टला, आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि मला वाटलं की असंच असतं. मी मोरवाडीच्या आयटीआयला फिटर ट्रेडला गेलो. नोकरी लागली, घर उभं राहिलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या जूननंतर मी स्टड घातले नाहीत. तेव्हा माझ्या बाजूने कुणी एक मोठं माणूस त्या टेबलापुढं उभं राहिलं असतं तर, एवढंच मनात येतं. त्या ऑफिसचा मला राग नाही, पण ती रिकामी जागा मला अजून दिसते.

मी आता क्वालिटीत आहे, तुला माहितीये. आमच्याकडून चाकणला पार्ट जातात. जॉब मापात शंभर टक्के बरोबर असला तरी सोबत इन्स्पेक्शन रिपोर्ट नसेल तर गेटवरून ट्रे परत येतो. समोरच्याला आमच्या पार्टबद्दल काही वाईट म्हणायचं नसतं. कागद नाही म्हणजे त्याच्या लेखी तो पार्ट तपासलेलाच नाही. खेळाडूचं अगदी हेच आहे. तुझा डावा पाय किती चांगला आहे हे मला माहीत आहे. जिमखान्याच्या सरांपुढं तो पाय नसतो, तुझी फाईल असते.

म्हणून आधी फाईल.

तू भोसरीच्या शाळेत आहेस म्हणून तुझ्या मॅचेस पिंपरी-चिंचवड महापालिका स्तरावर होतात. जिंकलात तर तिथून थेट पुणे विभाग, मग राज्य. तुझी जी मैत्रीण नाणेकरवाडीहून चाकणच्या कॉलेजात जाते, तिचा रस्ता वेगळा. चाकण खेड तालुक्यात, म्हणून ती आधी तालुका खेळणार, मग जिल्हा, मग विभाग. इंद्रायणी ओलांडली की स्पर्धेची शिडीच बदलते. हे लोकांना माहीत नसतं. गेल्या वर्षी एका बापाने मुलीला बारावीसाठी मोशीहून चाकणला घातलं आणि स्पर्धेच्या तारखा मात्र महापालिकेच्या बघत बसला. तालुक्याची फेरी तोवर होऊन गेली होती. अकरावी-बारावी अजून शालेय स्पर्धेतच, 19 वर्षांखालील गटात धरतात, हेही लक्षात ठेव. म्हणजे विभाग किंवा राज्य गाठायची तुला ही शेवटची संधी आहे. तुझं 17 वर्षांखालचं राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र आहे, ते सोनं आहे. पण ते दोन वर्षांपूर्वीचं. जिमखान्याचे सर पहिलं विचारतात, "यंदा काय खेळलीस?"

प्रमाणपत्र हातात घेतलंस की तिथंच, मैदानातच, पाच गोष्टी बघायच्या. नाव आधारकार्डावर आहे तसंच हवं, अक्षरन् अक्षर. जन्मतारीख. स्पर्धेचं वर्ष आणि वयोगट. सही. शिक्का. एक जरी चुकली तरी सरांना तिथल्या तिथे सांगायचं, लाजायचं नाही. नंतर दुरुस्ती म्हणजे महिने. आणि हा कागद फक्त कॉलेजपुरता नाही. बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. त्याचा प्रस्ताव शाळेकडून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत बोर्डाकडे जातो. पुढं राज्य सरकारच्या नोकरीत गुणवंत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या घेतल्याची प्रकरणं राज्यात उघडकीला आलीत, तेव्हापासून तपासणी कडक आहे. आणि ज्याने खरंच घाम गाळलाय त्यालाच शिक्का पुसट म्हणून परत पाठवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या गुरुवारी तुमच्या टीममधल्या सात जणींचे कागद आमच्या जेवायच्या टेबलावर पसरले होते. मामी डाळीला फोडणी देत होती आणि मी पुसट शिक्के भिंगातून बघत होतो. एकीचं प्रमाणपत्र पावसात भिजून शाई पसरलेली. ते तिच्या आईने इस्त्री करून सरळ केलंय, इतक्या जपून की कडा करपल्या नाहीत. तुमची गोलकीपर बिहारची. तिच्या आधारवर तिचं नाव आणि पुढं "कुमारी", बस. आडनाव नाही, वडलांचं नाव मध्ये नाही. आपल्याकडच्या फॉर्मला आडनाव लागतंच, म्हणून शाळेने वडलांचं नाव पुढं जोडलं, स्पर्धेच्या यादीत तिसरंच काही लागलं. एकाच पोरीची तीन नावं. वडील महाळुंगेला रात्रपाळीत, त्यांना हे कळायचं कसं? त्यांना मी सांगितलं, एक प्रतिज्ञापत्र करू आणि सगळीकडे एकच नाव लावून घेऊ. ते रात्रभर काम करून आले होते, तरी उभेच राहिले, बसायला तयार नव्हते. अशा घरांना कुणी तरी दोन तास द्यायला हवेत, एवढंच आहे हे काम. फार मोठी विद्या नाही.

माझी सुट्टी गुरुवारी, हे या बाबतीत नशीबच म्हणायचं. रविवारच्या मॅचेस बघायला मिळत नाहीत याचं मला वाईट वाटायचं. पण गुरुवारी सगळ्या कचेऱ्या, शाळा, कॉलेजं उघडी असतात. भोसरीच्या एमआयडीसीत माझ्यासारखे कितीतरी बाप, काका, मामा गुरुवारी मोकळे असतात. त्यातले दहा जण या कामाला लागले तर काय होईल, असं मी परवा कँटीनमध्ये बोललो. तिघांनी नंबर दिलेत.

आता कॉलेज कुठलं. यावर तुझं आणि माझं जमणार नाही असं वाटतंय, पण ऐक.

तुझ्या डोक्यात पुण्यातलं मोठ्या नावाचं कॉलेज आहे. फर्ग्युसन 1885 सालचं, एसपी 1916 सालचं. मैदान आहे, परंपरा आहे, कुणालाही वाटेलच. मार्क मिळाले तर जा, मी आडवा येणार नाही. पण आधी एक चौकशी करू. त्या कॉलेजची मुलींची फुटबॉल टीम गेल्या दोन वर्षांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला उतरली का? काही कॉलेजांत मुलांची टीम जोरात असते आणि मुलींच्या अकरा जणी भरत नाहीत म्हणून नावच पाठवत नाहीत. तिथं तू कितीही चांगली असलीस तरी तीन वर्षं गेली. त्यापेक्षा आपल्याच पट्ट्यातलं, निगडी-आकुर्डीचं एखादं कॉलेज, जिथं सर स्वतः सकाळी साडेसहाला मैदानावर असतात, ते मला जास्त चांगलं वाटतं. खेळाडूला कॉलेजच्या नावाने काय होणार? तिला मिनिटं लागतात, मैदानावरची.

कारण पुढची शिडी कॉलेजातूनच सुरू होते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली पुणे, नगर, नाशिक येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चमकलीस तर विद्यापीठाच्या संघाच्या निवडीत नाव येतं, मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि तिथल्या पहिल्या चार संघांना अखिल भारतीय फेरी. भारतीय विद्यापीठ संघ या स्पर्धा भरवतो, वय 17 ते 25. 2020 पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही आहेत. तिथं नोकरी देणारे, क्लबवाले, सगळे बघायला येतात. तुझा तो "कुणीतरी बघेल" तिथं खरा होतो. फक्त तिथपर्यंत पोहोचायचं आपल्यालाच आहे.

दिल्लीचाही विचार कर, घाबरू नकोस. दिल्ली विद्यापीठात खेळाडूंसाठी वेगळ्या जागा असतात. सीयुईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, प्रमाणपत्रं लागतात, आणि मैदानावर चाचणी होते. निदान तिथं प्रवेशाच्या आधी तुला कुणीतरी खेळताना बघतं. राहण्याचा खर्च मोठा आहे, त्याचं आपण बसून बोलू. फॉर्मची तारीख मात्र कुणासाठी थांबत नाही.

तू म्हणशील, क्लबमधून का नाही? एके काळी मीही तेच म्हणालो असतो. पुणे एफसी 2007 साली निघाला, 2012-13 च्या आय-लीगमध्ये देशात दुसरा आला. बालेवाडीत त्यांच्या मॅचेस मी पाहिल्यात, गुरुवार जुळला तर. त्यांची अकादमी होती, पोरं घडत होती. तो क्लब गेला. एफसी पुणे सिटीही आला होता, 2019 ला तोही गेला. आपल्या चाकणला ज्या महिंद्राच्या गाड्या बनतात, त्या कंपनीचा महिंद्रा युनायटेड 2005-06 ला राष्ट्रीय लीग जिंकला आणि 2010 ला बंद झाला. टाटांनी जमशेदपूरला 1987 साली फुटबॉल अकादमी काढली, ती कारखान्याच्या गावातच. आपल्याही गावात एवढे कारखाने आहेत, एवढी पोरं आहेत. अशी एखादी अकादमी इथं का असू नये, हा प्रश्न मी दर वर्षी विचारणार आहे. पण तुला यंदा बारावी आहे. कंपन्यांचं मन बदलेपर्यंत तू थांबू शकत नाहीस. क्लब येतात-जातात. कॉलेज आणि विद्यापीठाची स्पर्धा दर वर्षी होते.

कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचं नाव तुला पाठ आहे. रिक्षा चालवणाऱ्या बापाचा मुलगा, बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत आला, 2017 ला भारतात झालेल्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला. तू त्याचा गोल बघतेस, मी त्याच्या बापाचा विचार करतो. लहान पोराला कोल्हापूरहून पुण्याला निवासी प्रबोधिनीत ठेवायचं म्हणजे कुणीतरी माहिती काढली, फॉर्म भरला, पोराला चाचणीला घेऊन गेलं. पोरात गुण होतेच. पण पोरं एकटी जात नाहीत.

व्हिडिओचं सांगतो. तुझी भाची मोबाईलवर काढते ते नको, ती बॉलच्या मागे पळते आणि तू कुठं दिसतच नाहीस. तू लेफ्ट बॅक. तुझा अर्धा खेळ बॉल दुसऱ्या बाजूला असताना असतो: तू आत किती सरकतेस, विंगर सुटली की मागे किती वेगाने येतेस. म्हणून कॅमेरा उंचावर, मधल्या रेषेपाशी, आडवा आणि स्थिर. शाळेच्या जिन्यावरून छान येईल. पूर्ण मॅच काढायची, मग तीन मिनिटं वेगळी करायची. त्यात एक चुकलेला टॅकल आणि त्यानंतर तू केलेली धाव ठेव. गोल सगळेच पाठवतात. शहाण्या माणसाला त्या धावेवरून तू कोण आहेस ते कळेल.

ते घेऊन आपण सरांना भेटायला जाऊ. पाच कॉलेजं ठरवू. चिठ्ठी तू स्वतः लिहायची, मराठीत, अर्ध्या पानाची: वय, जागा, कुठल्या पातळीपर्यंत खेळलीस, दहावीचे मार्क, आणि तुमच्याकडे मुलींची टीम आहे का. काही कॉलेजं चांगल्या खेळाडूची फी कमी करतात, काही करत नाहीत. प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, विचारल्याशिवाय कळत नाही. विचारायला मी आहे.

आणि कुणी "पन्नास हजार द्या, परदेशात स्कॉलरशिप मिळवून देतो" असं म्हणत आला, तर त्याला एकच विचार: कुठल्या कॉलेजचा कोच, आणि त्याच्याशी मी स्वतः बोलू का? जो बोलू देत नाही त्याला घराचा उंबरा ओलांडू द्यायचा नाही. मागच्या वर्षी तळेगाव चौकात राहणाऱ्या एका माणसाने मुलाच्या नावावर ठेवलेली एफडी मोडली होती. त्याचं तोंड आठवलं की मला जेवण जात नाही.

तुझ्या पप्पांचं. ताई म्हणाली की ते गप्प असतात, संध्याकाळच्या प्रॅक्टिसवरून कुरबुर होते. त्यांच्यावर रागावू नकोस. 2022 ला आशियाई महिला चषकाच्या मॅचेस बालेवाडीत झाल्या, तेव्हा टीव्हीवर जपानच्या मुली बघून ते मला म्हणाले होते, "या पोरी किती निवांत धावतात." त्यांना तुझा खेळ आवडतो. त्यांना भीती वाटते ती अंधारलेल्या रस्त्याची, कंटेनरच्या रांगांची, आणि मैदानात कपडे बदलायला खोली नाही याची. ती भीती खरी आहे. म्हणून कॉलेज बघायला जाऊ तेव्हा त्यांना बरोबर नेऊ. मैदान ते बस स्टॉप किती अंतर आहे ते त्यांनी स्वतः चालून बघावं. मुलींची चेंजिंग रूम त्यांनी उघडून बघावी. दाजींना एकदा डोळ्यांनी पटलं की ते कुणाचं ऐकत नाहीत, मग तूच नको म्हणालीस तरी ते तुला सोडायला येतील.

अभ्यास सोडू नकोस, हे ताईने लिहायला सांगितलंय म्हणून लिहीत नाहीये. खेळाच्या जागेलाही मार्क लागतात, आणि गुडघा गेला तर डिग्रीच उरते. सप्टेंबर-ऑक्टोबरला मॅचेस, फेब्रुवारीला बोर्ड. मधले तीन महिने सकाळी अर्धा तास धाव, बाकी पुस्तक.

येत्या गुरुवारी सकाळी नऊला ये. दहावीची मार्कलिस्ट, जन्मदाखला, आधार, सगळी प्रमाणपत्रं मूळ आणि दोन-दोन झेरॉक्स, चार फोटो. गोलकीपरला घेऊन ये, तिच्या प्रतिज्ञापत्राचा स्टॅम्पपेपर मी आणून ठेवलाय. प्लॅस्टिकच्या सात फाईली घेतल्यात, तुझी निळी. मामीने थालीपीठाचं पीठ भिजवायचं ठरवलंय. दुपारी पाऊस उघडला तर तुमच्या शाळेच्या जिन्यावर चढून बघू, मधली रेषा तिथून नीट दिसते का.

तुझा,
मामा